चिडलेलं गिऱ्हाईक

१२ ऑगस्ट २००४
उज्जैनच्या मराठी आईबापांनो! आपली पोरं शिकली, पदव्या चौकटीत लागल्या, आणि या गावानं त्यांना काम दिलं नाही! — गणेशोत्सवातल्या माझ्या व्याख्यानाची सुरुवात ही. पुढे सांगणार: इंग्रजी कुणाच्या बापाची नाही. हिसकावून घ्या!

आमची मधुरा तेच करतेय. गुडगावच्या कॉल सेंटरची परीक्षा. मागच्या वेळी एकाच ठिकाणी अडली — परीक्षक चिडलेलं गिऱ्हाईक होऊन फोनवर शिव्या देतो. आपण गोड बोलत राहायचं. फोन ठेवायचा नाही. ती रडली. नापास! आता शेवटची संधी.

१३ ऑगस्ट
टावर चौकातल्या क्लासमधून रोज नवे शब्द आणते. 'रिप-ऑफ' म्हणजे लुबाडणूक. 'यॉल' म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडचं 'तुम्ही सगळे'. 'पिस्ड' — अमेरिकेत चिडलेला, लंडनात प्यायलेला! जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवली, ग्रंथालय पालथं घातलं. यातलं काही कुठे भेटलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही अमेरिकन बना आणि मला डांटा ना. कसून!"

१४ ऑगस्ट
ती माझ्याकडे पाठ करून बसली, कानाला रिसीव्हर. माझं तोंडच उघडेना.

"सभेत तर माइक पण लागत नाही तुम्हाला, बाबा!"

मग सुटलो. मोरॉन! डम्बास! गो बॅक टू युअर हट! मैदानावरचा आवाज बैठकीच्या खोलीत. ती — "आय अंडरस्टँड हाउ यू फील, सर" — आणि तिचे खांदे हलायला लागले. मी थांबलो.

"थांबू नका ना! तो थांबणार आहे का?"

आमची सौ. सुनंदा झारा घेऊनच बाहेर आली. "सकाळी सकाळी काय तमाशा लावलाय बापलेकीनं? सुलूताई भिंतीपलीकडून विचारतेय, पोरीनं केलं तरी काय! पोहे खाऊन घ्या आधी."

१७ ऑगस्ट
आज भरपूर झोडपली. रडली नाही!

२१ ऑगस्ट
पास! परीक्षक म्हणाला, इतकी शांत मुलगी पाहिली नाही. सुनंदानं देवापुढे पेढे ठेवले, मी गल्लीभर वाटले.

२५ ऑगस्ट
तिकीट काढायला निघालो तर म्हणते, "मला नाही जायचं, बाबा. रात्रभर हेच ऐकायचं? इथे शाळेत शिकवीन."

डोकंच फिरलं. पळपुटी म्हणालो. नालायक म्हणालो. माझं नाव बुडवलंस म्हणालो — या वेळी मराठीत, आणि खरंखुरं. सुनंदा मधे पडली, तिलाही गप्प केलं.

मधुरा माझ्या तोंडाकडे बघत होती. डोळे कोरडे. म्हणाली, "आय अंडरस्टँड हाउ यू फील, सर."

चेष्टा नव्हती ती. खांदे जराही हलले नाहीत.

३० ऑगस्ट
गेली गुडगावला. फलाटावर मी म्हणालो, नको जाऊस. "ठीक आहे, बाबा," म्हणाली. तितक्याच गोड आवाजात. आणि गाडीत चढली.

व्याख्यान देणार नाही म्हणून गणेशोत्सव समितीला कळवलं.

मधुरा, ओरड माझ्यावर. एकदा तरी. मराठीत.