बाहेर बसायचा नियम

३ फेब्रुवारी, मंगळवार

सात माणसं जमली एकदाची! कधीपासून विश्वस्तांच्या मागे लागले होते मी. संस्थेचा निधी कुणाला द्यायचा हे आपण चार शिकलेल्यांनी गार खोलीत बसून का ठरवायचं? ज्यांच्या गल्लीत तो पोचणार आहे त्यांना ठरवू द्या की. शेवटी विश्वस्त म्हणाले, "करा काय करायचं ते, पण निस्तरायचं तुम्ही." म्हणजे निधी त्यांचा, निर्णय समितीचा आणि निस्तरणार मी. चालेल.

अध्यक्ष म्हणून एक निवृत्त हेडमास्तर. एक नळवाला. एक ब्युटी पार्लर चालवणारी बाई. बाकीचे चौघं अजून लाजतायत, नुसत्या माना डोलावतात.

घरी येऊन आईला सगळं रंगवून सांगितलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमचं काम म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार." इतकी हसले! खोटं थोडंच आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्ज आलेल्या संस्था बघत फिरतोय आम्ही. नळवाला कुठल्याही संस्थेत शिरला की आधी संडास बघतो. मला वाटलं, धंद्याची सवय. आज विचारलंच. म्हणाला, "पाहुणे यायचे म्हटल्यावर पुढची खोली सगळेच झाडतात हो." आता मीही बघायला लागले आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली बैठक. सुरुवातीला मी लिहिलेला नियम वाचून दाखवला — अर्ज करणाऱ्या संस्थेशी स्वतःचा किंवा घरच्या कुणाचा संबंध असेल, तर तो अर्ज चर्चेला असताना बाहेर बसायचं. वाचताना जरा ओशाळल्यासारखं झालं. म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही असं तोंडावर सांगण्यासारखंच की ते.

शिवणवर्गाचा अर्ज निघाला तसा नळवाला उठला. त्याची मेहुणी तिथे शिकते. कुणी विचारलंही नव्हतं! व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसला, तोही आमच्याकडे पाठ करून. मधे काच आहे ना. आत काय चाललंय ते चेहऱ्यांवरून कळू नये म्हणून. माझा नियम एका ओळीचा, पण त्याने तो माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतला.

पार्लरवाल्या बाई मात्र अजब आहेत. एक सूटबूटवाले गृहस्थ पडद्यावर चित्रं दाखवून झाडून सगळ्यांना गार करून गेले असते. बाईंनी एकच विचारलं, "हे उद्या बंद पडलं, तर परवा सकाळी कोण अडेल?" गृहस्थ पाणी प्यायले. पुन्हा प्यायले. अर्ज नामंजूर. इथे वहीत मी त्यांना 'कात्री' म्हणणार आहे. तोंडावर म्हणायची माझी टाप नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज 'गाणं' बघून आले. अजून अंगावर काटा आहे.

गॅरेजच्या वरचा भाड्याचा हॉल. खिडकीच्या गजांना ओळीने काठ्या अडकवलेल्या. अर्धांगाचा झटका येऊन ज्यांची वाचा गेली अशी माणसं तिथे जमतात आणि एक ताई त्यांच्याकडून गाणी म्हणून घेतात. मी पोचले तेव्हा एक शिंपीणकाकू मला काहीतरी सांगायला धडपडत होत्या. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मी आपली वेड्यासारखी "काय? काय?" करतेय. त्यांना फक्त पाणी हवं होतं. नंतर ताईंनी पेटी धरली आणि त्याच काकूंनी एक जुनं गाणं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हटलं! शब्द स्वच्छ. एकही गाळला नाही. त्यांची मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "मी आईचा आवाज ऐकायला येते इथे."

बोलणं आणि गाणं डोक्यात वेगवेगळ्या ठिकाणी असतं, असं काहीतरी ताई समजावत होत्या. मला काही कळलं नाही, मी रडत होते.

हॉलचं भाडं वाढलंय. आपला निधी मिळाला नाही तर वर्ग बंद. हेडमास्तर परत येताना जिन्यात थांबून चष्मा पुसत होते, पुष्कळ वेळ.

कात्री आलीच नाही. "गिऱ्हाईक बसलंय." एवढंच, फोनवर. राग आला. इतकी चौकस बाई आणि नेमकी इथे दांडी!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर तोंडात तेच गाणं. आई म्हणाली, "पगार वाढला की काय?"

२४ फेब्रुवारी, मंगळवार

गाडीसाठी अर्ज केलेल्या काकांकडे गेलो. पूर्वी रुग्णवाहिका चालवायचे. आता एकट्यादुकट्या राहणाऱ्या माणसांना डायलिसिसला नेतात आणि आणतात, म्हणजे नेत होते. गाडीने मान टाकली. सध्या शेजाऱ्याच्या हातापाया पडून त्याची छोटी गाडी घेतात, ती रोज मिळत नाही. परवा एक आजोबा जायचे राहिले आणि दुसऱ्या दिवशी सुजलेल्या पायांनी रिक्षा शोधत चौकापर्यंत चालत आले. काका हे सांगताना जमिनीकडे बघत होते. जशी काही त्यांचीच चूक!

कात्री या वेळी आली. ती नुसतं बघत नाही. त्या मेलेल्या गाडीत स्वतः चढली, उतरली, पायरी उंच आहे म्हणाली, मग त्या आजोबांच्या शेजारी बसून "पाणी मोजून प्यायचं, मग तहान कशी मारता हो?" असं अगदी घरच्यासारखं विचारत राहिली. निघताना खाली वाकून त्यांच्या बुटाची नाडी बांधली. आपल्याला असं का सुचत नाही?

२ मार्च, सोमवार

शेवटी दोन अर्ज उरले, निधी एकालाच पुरणार. गाणं की गाडी.

नियम वाचला. कुणी उठलं नाही.

लाजरे चौघं आज काय बोलले! मला वाटलं होतं त्यांना तोंडच नाही. हेडमास्तर गाण्याच्या बाजूने. छान बोलले. नळवाला गाडीकडे. तीन इकडे, तीन तिकडे. बरोबरी झाली की अध्यक्षांचं मत निर्णायक, म्हणजे गाणं नक्की असं मी मनात म्हटलंसुद्धा. पण कात्री अजून बोलायची होती.

ती टेबलाकडे बघत म्हणाली, "गाणं बंद पडलं तर माणूस गप्प बसेल. गाडी बंद पडली तर माणूस जाईल." आणि गाडीसाठी हात वर केला.

चार विरुद्ध तीन. हॉलमध्ये पाऊल न टाकता! मला इतकं लागलं. काळीज आहे की नाही या बाईला?

तरी एक लिहायलाच हवं. कुणी रुसलं नाही, कुणी आदळआपट केली नाही. हेडमास्तर हरले आणि स्वतः उठून सगळ्यांचे कप गोळा केले. म्हणाले, "इतकी चांगली सभा माझ्या शाळेत कधी झाली नाही." विश्वस्तांना हे दाखवायला हवं होतं. मोठमोठ्या लोकांच्या बैठका पाहिल्यात मी, त्यात कप कुणी उचलत नाही.

३ मार्च, मंगळवार

राग काही जाईना. आईपुढे भडाभडा ओकले सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला त्यांची डोकी हवी होती, की नुसते हात?"

तोंडात मारल्यासारखं झालं.

४ मार्च, बुधवार

गाडीवाल्या काकांना फोन केला. म्हणाले, "थांबा, आजोबांना सांगून येतो," आणि फोन तसाच ठेवून गेले! मी धरून बसले. लांबून दार ठोठावल्याचा आवाज, मग दोन म्हाताऱ्या माणसांचं हसणं. कात्रीचं चुकलं नव्हतं. आज मान्य करते.

गाण्याच्या ताईंना मात्र फोनवर नाही सांगणार. उद्या जाईन.

५ मार्च, गुरुवार

गेले. ताई आत शिकवत होत्या. मागच्या रांगेत एक उंच गृहस्थ गात होते, त्या दिवशी नव्हते हे. दाराशी त्यांचा स्वेटर हातात घेऊन कात्री उभी.

मला बघून ती दचकली नाही. "माझे मिस्टर," म्हणाली. "तुम्ही येणार होतात त्या दिवशी मी त्यांना घरी ठेवलं."

मी कसंबसं विचारलं, "मग मत द्यायच्या दिवशी बाहेर का नाही बसलात?"

"मी बाहेर बसले असते तर गाणं जिंकलं असतं."

आत गाणं चालूच होतं. ती तिकडे बघतच म्हणाली, "घरी एक शब्द फुटत नाही त्यांना. इथे मला हाक मारतात. चालीत."

नियमाप्रमाणे तिचं मत बाद, म्हणजे पुन्हा तीन-तीन. मी हेडमास्तरांना एक फोन केला, तर तिला ती हाक परत मिळेल आणि आजोबांची गाडी जाईल. फोन केलेला नाही.