रामदासच्या तंबूची भोकं

२ ऑगस्ट
आज माझ्या दोस्ताचा, रामदासचा दहावा. नदीवर निम्मं अवसरी गाव लोटलं होतं. पिंड ठेवला, सगळे बाजूला झाले, आणि कावळे समोरच्या बाभळीवर नुसते बसून राहिले. भावकीने काय काय कबूल करून पाहिलं. पोरीचं, वृषालीचं शिक्षण थांबवणार नाही, नूतनवहिनींना अंतर देणार नाही. एकही कावळा हलेना. लोक घड्याळं बघायला लागले. मग मी पुढं झालो आणि तोंडातल्या तोंडात म्हणालो, रामदास, तुझ्या तंबूची भोकं मी बुजवतो. वर्षश्राद्धाच्या आत. आणि हडसर किल्ल्यावर नेऊन लावतो. मागं सरतोय तोवर कावळा उतरला, पिंडाला शिवला!
माझ्यामुळं. कुणाला बोललो नाही. मोठेपणा मिरवायची सवय नाही.

४ ऑगस्ट
नूतनवहिनींकडून तंबू आणला. त्या म्हणाल्या, न्या भावजी, काय न्यायचं ते न्या. बघत दुसरीकडेच होत्या. पण मनातून बरं वाटलं असणार. नवऱ्याला दिलेला शब्द कुणीतरी पाळतंय.
भोकं पाच. शेकोटीच्या ठिणग्यांची, वाटाण्याएवढी. एका रविवारचं काम.
वीस वर्षं तो मागं लागला होता, बाळासाहेब, एकदा चल हडसरला. माझं मंचरला झेरॉक्सचं दुकान, त्यात गुडघा. शिवाय दर रविवारी काही ना काही निघायचंच. त्याला ते माहीत होतं. राग नव्हता त्याचा.

११ ऑगस्ट, रविवार
पाऊस. दमट कापडाला हात लावू नये म्हणे. यूट्यूबवर चार व्हिडिओ पाहिले. अभ्यास आधी.

२० ऑक्टोबर, रविवार, सकाळी ९
अंगणात तंबू उभा केला. (पहिल्यांदा उलटा झाला. कंपनीची चूक.) आत बसून उजेडात भोकं बघायची, अशी पद्धत आहे. बसलो. आत अजून त्याच्या तंबाखूचा आणि मलमाचा वास. वारा आला की कापड फुगायचं, परत बसायचं. शेजारी कुणी गाढ झोपल्यासारखं.
मी भीत नाही. बाहेर उजेड जास्त होता म्हणून बाहेर आलो.
भिंतीवर कावळा. उजव्या पंखातलं एक पीस नाही. मान वाकडी करून तंबूकडं बघत होता. नदीवरचाच हा. खात्री आहे.
साधनाला दाखवला. ती म्हणाली, अवो, रोज या टायमाला मी त्याला भाकर टाकते, भाकरीला येतो त्यो. बायकोला प्रत्येक गोष्टीचं कारण स्वयंपाकघरात सापडतं.

३ नोव्हेंबर, रविवार
दिवाळीत सुई धरू नये.

१५ डिसेंबर, रविवार
कामाला सुरुवात! एका भोकावर झटपट चिकटणारा डिंक टाकला. डिंक कापडाला चिकटला, माझी दोन बोटंही कापडाला चिकटली. कावळा आलाच. मी म्हणालो, थांब रे, बघतोयस ना, चाललंय काम. साधना दारात उभी होती. गरम पाणी आणून दिलं.

१६ डिसेंबर
डिंक सुकून कडक झाला आणि कापड पापडासारखं मोडलं. वाटाण्याएवढं भोक आता पाच रुपयांच्या नाण्याएवढं झालं. हरकत नाही. मोठं भोक नीट दिसतं.

१९ जानेवारी, रविवार
इस्त्रीने ठिगळ चिकटवायचं असा एक व्हिडिओ आहे. इस्त्री मंद ठेवा म्हणाला होता. आमच्या इस्त्रीला मंद नाही. कापड वितळलं. हात आरपार जातो.
आज तंबूच्या आतल्या खिशात स्टीलचे दोन कप सापडले. रामदास तर एकटाच जायचा. एक स्पेअर असावा. साधनाला दाखवले. तिने ते हातात घेतले, बराच वेळ बघितले आणि म्हणाली, तुमच्यासाठी नेत व्हते ते. असं काही नसतं. माणूस स्पेअर ठेवतोच.
तरी कप धुवायचे नाहीत असं सांगितलं.

फेब्रुवारी, मार्च
दुकानात परीक्षेची गर्दी. कावळा आता दुकानासमोरच्या तारेवरही असतो. पीस बघायचा प्रयत्न केला, फार उंच होता. तोच असणार. दुपारी गिऱ्हाईक नसलं की वाटतं, तो शटरपाशी उभा आहे, पूर्वी उभा राहायचा तसा, चहा सांग म्हणत. दोनदा मी दोन चहा सांगितले. चहावाला म्हणाला, पावणं कुठंय? म्हटलं, येतायत.
त्याचा जीव तंबूत अडकलाय. माझी दया येऊन तो गप्प आहे, एवढंच.

११ मे, रविवार
ठरलं. आता टाकेच. जुन्या छत्रीचं कापड कापलं, कोपरे गोल केले (टोकदार कोपरे उसवतात), दोरा मेणबत्तीवर घासला. एकदम प्रोफेशनल. बारीक सुईत दोरा जाईना. डोळ्यांचा प्रश्न नाही, सुया हल्ली तशाच येतात. शेवटी कांद्याच्या गोण्या शिवायचं दाभण घेतलं. सरसर काम झालं. दिवस मावळेपर्यंत सगळी ठिगळं बसली. एवढं समाधान कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. म्हणालो, बघ रामदास.
कावळा सकाळीच येऊन गेला होता.

१८ मे, रविवार
आत बसून बघितलं. ठिगळांतून उजेड येत नाही. दाभणाच्या प्रत्येक टाक्यातून येतो. किती भोकं ते मोजलं नाही. मेण लावलं की बुजतील.
साधना म्हणाली, मंचरला छत्रीवाला हाये, त्याच्याकडं द्या की. तिला कसं सांगू? शब्द मी दिलाय, छत्रीवाल्याने नाही.

२९ जून, रविवार
पूर्ण तंबूला मेण. आता तो उभा राहिला की वाकतो. पण माया दिसते कामात. वर्षश्राद्धाला सगळ्यांसमोर द्यायचा आणि म्हणायचं, वृषाली, चल, बाबाची जागा दाखवतो. हडसरची वाट मला माहीत नाही. विचारता येईल.
फक्त एक गोष्ट मनात येते. तंबू देऊन टाकला की हा जाणार. भिंतीवर कुणी येणार नाही. जाऊ दे. मोकळा व्हायला हवा बिचारा.

१३ जुलै, रविवार, वर्षश्राद्ध
पान ठेवताक्षणी कावळा आला. कुणाला काही कबूल करावं लागलं नाही. मी तंबू काखेत धरून उभा होतो.
जेवणं झाल्यावर सगळ्यांना सांगितलं. गेल्या वर्षी मी काय शब्द दिला, कावळा कसा उतरला. मग रामदासची आत्या, लंकाबाई, तोंडाला पदर लावून हसायला लागली. म्हणाली, आरं, मी पिंडाखाली हळूच बोंबलाचा तुकडा सारला व्हता. रामदासला लई आवडायचा. भटजीला दिसू नाय म्हणून कुणाला बोलले नाय. तू पुटपुटत व्हता व्हय? कुणाला ऐकू आलं?
लोक हसले. मीही हसलो.
नूतनवहिनी म्हणाल्या, भावजी, मला वाटलं तंबू तुमी दुकानावर टाकायला नेला. वृषाली म्हणाली, काका, मी मे महिन्यात कॉलेजच्या ग्रुपबरोबर जाऊन आले हडसरला. बाबा बसायचे तिथं बसले. हा तुमच्याकडंच राहू द्या. फार मायेनं बोलली.
कुणीच वाट बघत नव्हतं. तंबू परत आणला.

१४ जुलै, सोमवार
दुकान बंद ठेवलं. साधना नूतनवहिनींकडं मुक्कामाला आहे. अंगणात तंबू लावला. सुलटा. आत दोन्ही कप मांडले.
नऊ वाजले. भिंतीवर कावळा नाही. साडेनऊला आठवलं, आज भाकर कुणी टाकली नाही. घरात भाकर नव्हती, ब्रेड टाकला. नाही आला.
हाक मारली. रामदास म्हणून, मोठ्यांदा. वर्षभर वाटत होतं, तो पाठ सोडत नाही. त्याने माझं ऐकलंच नव्हतं. बोंबील खाऊन तो पहिल्याच दिवशी गेला.
मग पाऊस आला. सगळ्या टाक्यांतून गळायला लागलं. मी एका कडेला सरून बसलो होतो, त्याला जागा ठेवून. पाणी तिथंच साचलं.