तिघांचं एकच उत्तर

रवि. २ नोव्हें. २००८
कणकवली. ऑनलाइन कॉलेजचा पहिला रविवार. कॉलेज पुण्यात, आम्ही इथे, मधे इंटरनेट. धडे वेबसाइटवर, मॅडम मेलवर आणि फोनवर. रविवारी इथल्या केंद्रात कॉम्प्युटरवर बसायचं. त्यातले काही चालतात.
वाटलं होतं त्रेचाळीस वर्षांची घोडी मी एकटीच असेन. नाही. एस.टी.चे कंडक्टर परब माझ्याहून मोठे आहेत. माउस असा गच्च धरून बसले होते की जणू कोणी पळवून नेणार आहे. मला फार बरं वाटलं.
हे मला जमणार आहे. लिहून ठेवते.

बुध. ५ नोव्हें.
आमच्या मालवणच्या मच्छीमार सोसायटीत कॉम्प्युटर येणार हे नक्की. इतकी वर्षं लिलावाच्या नोंदी मी हाताने करते. चेअरमन म्हणाले, "पमा, मार्चअखेर सर्टिफिकेट हाड. कॉम्प्युटर तुझो. नाय तर भायलो कोण तरी शिकलेलो घेवचो लागतलो."
म्हटलं, आणते, खुर्ची पुसून ठेवा.
बाहेर आल्यावर मात्र मनात आलं, ही नोकरी गेली तर मी काय करू? घरात बसणारी बाई मी नव्हे.

रवि. ९ नोव्हें.
दोन पानं टाइप केली, लाइट गेली, पानंही गेली. सेव्ह केलं नव्हतं. ओरडले ते शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही ऐकू गेलं म्हणे.
बाजूच्या खुर्चीवर विजया. वालावलला अंगणवाडी चालवते. सुपरवायझरच्या परीक्षेला बसायचं तर तिलाही हेच सर्टिफिकेट हवं. स्वभावाने गरीब, पण वाचते झपाझप. मला म्हणाली, "रडा नको गो, परत लिवूया." मी कुठे रडत होते?
आजचा धडा: पुस्तक मिटा आणि वाचलेलं आपल्या शब्दांत लिहा. मिटलं. आपले शब्द आले ते सगळे मालवणी.

रवि. २३ नोव्हें.
काल रापणीला बांगडा तुफान. हे रापणीवरच असतात (नवरा, दुसरं कोण). रापण एकट्याची नसते. किनाऱ्यावरून सगळे मिळून जाळं ओढतात आणि जो दोराला हात लावील त्याला वाटा. मुंबईचा पाहुणा गंमत म्हणून दोर धरून उभा राहिला तरी पिशवी घेऊन जातो. मला ते पटत नाही, पण माझं ऐकतो कोण.
काल परबांची ड्युटी मालवण–कुडाळ होती. त्यांच्याकडे दोन पिशव्या दिल्या. एक त्यांना, एक कुडाळ स्टँडवर विजयाच्या हातात. आज तिघांचे डबे केंद्रात उघडले. बांगडे एकाच जाळ्यातले आणि कालवणं तीन तऱ्हांची. वि.चं तिरफळं घातलेलं. परबांच्या घरचं भाजक्या कांद्याचं, जरा गोडसर. माझं कोकमाच्या सोलांचं. परब म्हणाले, "तुझा बरा आसा, पण तिखट किती गो." दोनदा घेतलं तरी.

रवि. ७ डिसें.
मोठा स्वाध्याय आला. विषय: कामाच्या जागी संगणकाचा उपयोग. जानेवारीत वेबसाइटवर चढवायचा. यात नापास तर सर्टिफिकेट नाही.
परबांना आता टायपिंग येतं पण वाक्य सुचत नाही. विजयाने धडे पाठ केलेत पण कीबोर्डवर बोट ठेवायला घाबरते. मला वाक्यं सुचतात, वाचायचा कंटाळा. म्हटलं, मग रापण घालूया. तू वाच, मी जुळवते, परब टाइप करतील.
डोकं असावं तर असं.

रवि. ४ जाने. २००९
झालं. प्रत्येकाने आपापल्या कामातलं सांगितलं, मी एकात एक गुंफलं. डेपोतली तिकिटं, अंगणवाडीतल्या मुलांची वजनं, सोसायटीतला लिलाव. काही राहिलं नाही. तिघांच्या नावाने तीनदा चढवलं. तीन सारखे वाटे. विजयाने स्वतः बटण दाबलं, पहिल्यांदा. मग हसली.
येताना बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मॅट्रिकला चांगले मार्क पडूनही पुढे कॉलेज बघितलं नव्हतं. आज कॉलेजात गेल्यासारखं वाटलं.

मंगळ. २० जाने.
मॅडमचा मेल. बाजारातल्या सायबरमध्ये उघडला. तिघांचा स्वाध्याय रोखलाय. नक्कल.
शेवटी लिहिलंय: "तिन्ही विद्यार्थी एकाच वेळी एस.टी. डेपोत, अंगणवाडीत आणि मच्छीमार सोसायटीत नोकरीला आहेत, असे उत्तरांवरून दिसते."
आधी हसू आलं. खरंच की, परबांच्या नावावर अंगणवाडी चढली होती आणि वि. लिलाव पुकारत होती. मग पुढचं वाचलं आणि हसू गेलं.

बुध. २१ जाने.
मॅडमना फोन केला. शुद्ध बोलले, जमेल तेवढं.
"उत्तर कोणाचं आहे?"
"आमचं, मॅडम."
"आमचं असं परीक्षेत नसतं, प्रमिलाताई. मूळ ज्यांनी लिहिलं त्यांनी तसं कळवावं. त्यांचे गुण राहतील. बाकी दोघांना पुढच्या वर्षी."
चांगल्या बाई आहेत. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर भांडता आलं असतं.

गुरु. २२ जाने.
यांना सांगितलं. जाळं शिवत होते, मान वर केली नाही. "तिगांनीय दोर वडलो मा? मग चोरी कसली?"
मीही तेच म्हणते. पण पुण्यात रापण नाही.

रवि. २५ जाने.
केंद्राबाहेर परब म्हणाले, "वाक्यां तुझी. सांग, तुझा म्हणान. माझा काय, रिटायर होवचो, हौस म्हणान शिकतंय." खोटं. हौसेने कोणी रविवारची झोप सोडत नाही. वि. म्हणाली, "तुझ्या नोकरीचो प्रश्न आसा गो. परीक्षा माका फुडल्या वर्षाक देवक येतली." आणि पाणी प्यायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.
दोघांचा राग आला. एवढे चांगले का वागतात?

मंगळ. २७ जाने.
सायबरमध्ये मेल लिहिला. "सदर उत्तर माझे आहे." वाचून बघितलं. शुद्धलेखन बरोबर. तसं खोटंही नाही, वाक्यं माझीच. पाठवला की मार्चमध्ये सर्टिफिकेट.
पाठवला नाही. पुसलाही नाही. ड्राफ्टमध्ये आहे. दिवसभर त्याच्यावरच लक्ष.

शुक्र. ३० जाने.
चेअरमननी सर्टिफिकेटचं विचारलं, खंयपर्यंत इला? म्हटलं, इलाच. तोंड वर करून सांगितलं. माझं तोंड नेहमी वरच असतं, त्याला मी काय करू.
दुपारी बांगडे साफ करत होते. कालचा वाटा. शेजारणीकडेही त्याच जाळ्यातले आणि तिच्या चुलीवरचा वास वेगळा. कोयता हातातच राहिला. रापण मासे वाटते. कालवण वाटत नाही. किनाऱ्यावर एकच टोप चढवून सगळ्या वाड्याला एकच कालवण वाढलंय असं मी जन्मात बघितलं नाही. ते ज्याचं त्याच्या चुलीवर.
म्हणजे चूक माझी आहे. आणि दोर ओढला ही नव्हे.

शनि. ३१ जाने.
मॅडमना मेल पाठवला. इथे उतरवून ठेवते:
"मूळ उत्तर एकाचे नाही. वाचन विजयाचे, टायपिंग परबांचे, वाक्ये माझी. मासे वाटून घ्यायचे होते, आम्ही कालवणच वाटून घेतले. ही युक्ती माझी होती. तिघांनाही वेगवेगळे बसवून पुन्हा लिहायला द्या. नाहीतर तिघांनाही सारखीच शिक्षा द्या. एकटीचे गुण मला नकोत."
ड्राफ्टमधला तो मेल पुसला. पुसताना हात थांबला होता, खोटं कशाला लिहू.
दोघांना फोन केला. परब म्हणाले, "शाणी समाजतंस स्वताक." वि. नुसती रडली.

गुरु. ५ फेब्रु.
मॅडमचं उत्तर. समितीपुढे ठेवलंय. केंद्रात पुन्हा लिहायला परवानगी, त्याच विषयावर, वेगवेगळ्या खुर्च्यांवर. पण ते धरायचं की नाही हे समिती नंतर ठरवणार. नाही धरलं तर तिघांचंही वर्ष गेलं. "पुन्हा विचार करायचा असेल तर उद्यापर्यंत कळवा."
कळवलं नाही. मला माझ्या चुलीवर भरवसा आहे.

रवि. १५ फेब्रु.
सराव. तिघे एकत्र वाचतो, भांडतो, आणि मग तीन कोपऱ्यांत तोंडं करून लिहितो. विजयाला कीबोर्डवर बसवलं, हात धरून नव्हे, नुसतं ओरडून. परबांना म्हटलं, वाक्य सुचत नसेल तर बसमधल्या पॅसेंजरला सांगताय असं समजून लिहा. लिहायला लागले. थांबतात कुठे.

रवि. २२ फेब्रु.
लिहिलं. मधेच लाइट गेली. कोणीतरी ओरडलं. मी नव्हे. मी प्रत्येक परिच्छेदाला सेव्ह केलं होतं. लाइट आली तेव्हा सगळं जागच्या जागी. त्या क्षणी मला माझा अभिमान वाटला, उघड लिहिते.
नंतर कणकवली स्टँडवर चहा, आणि एकमेकांचे प्रिंटचे कागद वाचले. विषय एक, धडे एक, आणि एक ओळ सारखी नाही. परबांनी लिहिलंय की मशीन तिकीट फाडेल, पण पासवाली म्हातारी कुठल्या फाट्यावर उतरते ते मशीनला कुठून कळणार. विजयाने एका मुलीबद्दल लिहिलंय, महिन्यांचे आकडे शेजारी शेजारी दिसले तेव्हा कुठे कळलं की पोरीचं वजन वाढतच नाही. ही बाई इतके दिवस माझ्या वाक्यांत मान घालून बसली होती. माझं लिलावावर. परब म्हणाले, "ह्या खरा तुझा. तिखट आसा."

मंगळ. २४ फेब्रु.
समिती शनिवारी बसणार. चेअरमननी एका शिकलेल्या माणसाला भेटायला बोलावलंय, तेही शनिवारीच. मला सांगितलं नाही, पण मालवणात काय लपून राहतं? धाकधूक आहे. तरी ते तीन कागद वाचल्यापासून मी वेगळं काही करायला हवं होतं असं एकदाही वाटलं नाही.
कालचा शिवरात्रीचा उपास सुटला. आज रापणीला पेडवे. संध्याकाळी हे पिशवी घेऊन आले, पायरीवर ठेवली. मी वाटण वाटत होते.
"तुझो वाटो मेळलो काय गो?"
म्हटलं, "अजून चुलीर आसा."
"करपूक नाय मा?"
"मी रांदलंय," म्हटलं. कालवण उतरलं तसे हे हात धुवून पानावर बसले.