देणारे नाना, घेणारे नाना

ता. ३, देऊळगाव राजा
दिल्लीहून कामगार महासंघाचं परिपत्रक. गुरुवारी देशभर संप. कलम एक : सरकारला धडा शिकवा. कलम दोन : संघटना राजकारणापासून अलिप्त ठेवा. नाना आमचे तालुकाध्यक्ष. सत्ताधारी पक्षाचेही तालुकाध्यक्ष तेच. वाचून म्हणाले, एकदम बरोबर.
मी सचिव. कारण झेरॉक्सचं दुकान माझं.

ता. ४
निवेदन टाइप केलं. सहा मागण्या देशाच्या, सातवी गावची : नगरपरिषदेच्या ठेकेदाराने झाडूकामावरून काढलेल्या सुलोचनाबाईंना परत घ्या. बारा वर्षं गाव झाडलं बाईनं. हजेरीपत्रक दाखवा म्हणाली, एवढाच गुन्हा.
नाना सातवीपाशी अडखळले. ठेकेदार त्यांच्या पक्षाचा, अन् नानांना नगरपरिषदेचं तिकीट हवंय. म्हणे, राष्ट्रीय संपात इतकं लोकल नको. खोडली मीच. दुकानात गर्दी होती म्हणून वाद घातला नाही, असं लिहून ठेवतो. गर्दी नव्हती.

ता. ६, संप
तहसीलदार बुलडाण्याला मीटिंगला. निवेदन घेणार कोण? फोटो तर दिल्लीला पाठवायचा. नाना म्हणाले, शासनातर्फे मी घेतो. मग देणार कोण? अध्यक्ष, म्हणजे तेच. आधी डावीकडून दिलं, मग गळ्यातला रुमाल बदलून उजवीकडून घेतलं. घेताना चेहरा जास्त गंभीर. आश्वासनही दिलं.
सुलोचनाबाई पुढे आल्या, कागद घेतला, बोट ठेवून वाचला. "भाऊ, यात मी कुठी हाय?"
मी चपला बघितल्या. नाना म्हणाले, पुढच्या टप्प्यात.
"नाना, तुमीच मागून राह्यले, तुमीच देऊन राह्यले. मंग अडलं कुठी?"
लगेच घोषणा सुरू करण्यात आल्या.

ता. ८
दोन्ही फोटो जोडून महासंघाच्या ग्रुपवर : 'शासन झुकले.' जालन्याच्या एकाने विचारलं, जुळे भाऊ का?

ता. १४
नानांना तिकीट. आमच्याच वॉर्डातून. संघटना अलिप्त असल्याने पाठिंब्याचं पत्र बिनतारखेचं टाइप केलं.

ता. १७
सकाळपासून सुलोचनाबाई दुकानात. वाटलं, झेरॉक्सला आल्या. तर उमेदवारी अर्ज. अपक्ष, नानांविरुद्ध. सूचकाची सही तेवढी बाकी, वॉर्डातला मतदार लागतो.
म्हटलं, बाई, संघटना राजकारणात...
"म्या संघटनेले इचारलंच नाई. तुमाले इचारून राह्यली."
नानांचा फोन दोनदा वाजून गेला. मुदत तीनची. आता सव्वादोन. बाईंनी पेनचं टोपण काढून ठेवलंय.