माझ्या झोपण्याच्या फळीखालचा सांधा

अब्बा, आज बुधवार. सकाळी आठ वाजता लाँच पाण्यात उतरवली. आता साडेअकरा वाजले आहेत आणि तिच्या तळात अकरा बोटे पाणी आहे. दर अर्ध्या तासाने मी काठी बुडवून बघतो आणि वहीत लिहितो. पंप चालू आहे. पंपाची वायर तीनदा तपासली. आता पुढच्या मापापर्यंत करण्यासारखे काही नाही, म्हणून वहीच्या मागच्या पानावर तुम्हाला लिहायला बसलो आहे.

लाँच तीच, तुमची. तुम्ही गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत तिचा रंग दोनदा बदलला, वर पाहुण्यांसाठी गाद्या आणि दिवे आले, इंजिन नवे आले. आता ती खाडी सोडून कुठे जात नाही. संध्याकाळी पाहुणे घेऊन खाडीत वरपर्यंत जायचे, वळायचे, परत यायचे. यंदा उन्हाळ्यात डागडुजीसाठी तिला यार्डात वर काढली आणि कुठल्याशा परवान्याचा कागद अडकला. तीन आठवड्यांचे काम, चार महिने ती उन्हात टेकूंवर उभी राहिली. इथल्या आखाती उन्हात. शेवटी शेवटी आत उभे राहिले की फळ्यांच्या मधल्या फटींतून बाहेरची क्रेन दिसायची. मॅनेजर म्हणाले, चिकट रबराच्या ट्यूब आणतो, सगळ्या फटी भरून टाकू. मी नववीपर्यंत शिकलेला माणूस, ऑफिसच्या माणसापुढे एरवी मान वर करत नाही. पण त्या दिवशी म्हणालो, "सर, माझ्या वडिलांच्या पद्धतीने करू द्या. तेलातला कापूस भरतो. पाण्यात गेल्यावर दोन दिवस गळेल, मग लाकूड फुगेल आणि आपोआप बंद होईल." त्यांनी शुक्रवारी दुपारी चारपर्यंतची वेळ दिली. शनिवारी संध्याकाळी पार्टी आहे. शुक्रवारपर्यंत पाणी थांबले नाही, तर अरबाब, लाँचचे मालक, तिला लाकडाच्या भावात काढून फायबरची बोट घेणार. फायबरच्या बोटीवर राहायला माणूस लागत नाही. म्हणजे माझी झोपण्याची फळी गेली आणि चाचांची चूलही गेली.

चाचा अजून इथेच आहेत. तुमच्या वेळचे भंडारी, बोटीवरचे स्वयंपाकी, श्रीवर्धनचे. गुडघे दुखतात, पण स्वयंपाक दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. आम्ही दोघेच लाँचवर राहतो. सकाळी मी आधी तळाचे पाणी बघतो, मग दोर बघतो, मग पिण्याच्या पाण्याची टाकी, आणि मग चाचांना सलाम करतो. ते म्हणतात, "आधी बोटीची तब्येत, मग म्हाताऱ्याची." कपडे मागच्या कठड्यावर वाळत घालायचे, ते पाहुणे यायच्या आत काढायचे. प्रवाशांची अब्रा जवळून गेली की लाटेआधी चहाचा कप आपोआप उचलला जातो, एवढी सवय झाली आहे. रात्री मी तुमच्याच जागेवर झोपतो. ती फळी पाच फूट चार इंच आहे. मी मोजली आहे. तुम्ही पाय दुमडून झोपायचात, मीही तसाच झोपतो. यार्डातले चार महिने मी कामगारांच्या खोलीत पलंगावर झोपलो आणि एकदाही धड झोप लागली नाही. काही हलतच नव्हते.

बारा वाजता पुन्हा मोजले. बारा बोटे.

तुम्हाला ती वालांची बरणी आठवते का? मी इथे आलो ते पहिले वर्ष, एकोणीस वर्षांचा होतो. चाचा सुट्टीवर गावी गेले होते आणि स्वयंपाक माझ्याकडे होता. आईने पाठवलेले कडवे वाल मी रात्री काचेच्या बरणीत गळ्यापर्यंत भरले, वर पाणी ओतले आणि झाकण घट्ट लावले. झुरळ जाऊ नये म्हणून. सकाळी बरणीला तडा गेलेला आणि वाल ओट्यावर पसरलेले. मला वाटले, आता ओरडा बसणार. तुम्ही काचा वेचल्यात, दोन वाल हातात घेतलेत, एक कोरडा, एक भिजलेला, आणि माझ्या तळहातावर ठेवलेत. म्हणालात, "बघ, केवढा झाला." बस, एवढेच. मला वाटले, विषय स्वयंपाकाचा आहे.

पुढच्याच महिन्यात लाँच यार्डात चढली आणि तुम्ही मला पहिल्यांदा एक पूर्ण बाजू दिलीत. मी सकाळी सहाला सुरुवात केली. प्रत्येक फटीत कापसाचा एक पीळ बसला की मला वाटायचे, हा कमी आहे, इथून पाणी येईल. मी दुसरा ठोकत होतो. काही ठिकाणी तिसरा. दुपारपर्यंत सांधे असे टणक झाले की खिळा जाणार नाही. मी खूश होतो. तुम्ही आलात. सांध्यावरून अंगठ्याचे नख फिरवलेत. मग पिशवीतून तुमचा हुक काढलात, तुम्ही स्वतः सळई वाकवून केलेला, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेला. आणि माझे सकाळपासूनचे सगळे काम, एकेक पीळ, ओढून खाली टाकू लागलात. सगळे यार्ड बघते आहे. पठाण सुतार हसतो आहे. मी विचारतो, "काय चुकलं?" तुम्ही मागे न बघता म्हणता, "फटीत कापूस भरायला सांगितला होता. तू तुझी भीती भरलीस. लाकडाला प्यायला जागा नको? फुगलं की जाईल कुठे? फळी बोटीच्या फासळीवरून उखडेल." शेवटचा पीळ काढून झाला तेव्हा म्हणालात, "वाल विसरलास."

मी तुमच्याशी दोन दिवस बोललो नाही.

मॅनेजर आत्ताच येऊन गेले. वसईचे आहेत, मराठीत बोलतात. कमरेवर हात ठेवून तळातल्या पाण्याकडे बघत होते. "अरे, हे कमी होतंय की वाढतंय?" मी वही दाखवली. "मला आकडे नको, मला एक लाइन सांग. वर काय रिपोर्ट करू? बोटीला तहान लागलीय, तिला पिऊ द्या, असं?" चाचा आतून म्हणाले, "तहान तिला लागलीय, साहेब, आणि तोंड ह्याचं सुकलंय. चहा घ्या." मॅनेजर हसले, पण चहा घेतला नाही. तेवढ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. ते मराठीत सांगत होते की जेवून घे, मला वेळ होईल, आणि ती पलीकडून इंग्रजीत विचारत होती, "डॅडा, इज द बोट सिंकिंग?" त्यांनी माझ्याकडे बघून सांगितले, "नाही गं. अजून नाही."

गुरुवार. पहाटे पाचला आठ बोटे होती. सातला सहा. आता नऊ वाजता तीन. अब्बा, ती फुगते आहे. काल ज्या फटींतून पाण्याची धार येत होती तिथे आज फक्त ओल आहे. मी फोन केला तेव्हा मॅनेजर म्हणाले, "शाबास. तुझ्या बाबांना मानलं. पार्टी कन्फर्म करतो." चाचांनी शिरा केला. मी दोन घास खाऊन ताटली बाजूला ठेवली.

कारण तुमच्या पद्धतीने मी सगळी लाँच केली, एक जागा सोडून. माझ्या झोपण्याच्या फळीच्या बरोबर खालचा सांधा, पाण्याखालचा, माझ्या हाताने अकरा हात लांबीचा. ते काम संध्याकाळी आले. दिवसभर मी मन घट्ट धरून एकेकच पीळ भरला होता. पण तिथे आल्यावर माझ्या डोक्यात आले की मी इथे झोपणार, पाणी आले तर आधी इथे येणार. आजूबाजूला कोणी नव्हते. मी दुसरा पीळ घेतला आणि जोर लावून ठोकला. वरून पुट्टीसारखी लांबी लावली. बाहेरून काही दिसत नव्हते.

आज सकाळपासून तिथून आवाज येतो आहे. कोणी खुर्चीत कूस बदलावी तसा. मी गादी काढली, खालचे लाकूड उचलले आणि टॉर्च मारला. तळाची फळी फासळीपासून सुटली आहे. मध्ये माझे नख जाते. दोन खिळ्यांच्या भोवती लाकूड ताजे, पांढरे दिसते आहे. सगळीकडचे पाणी ओसरते आहे आणि ही एक फळी बाहेर ढकलली जाते आहे. ती आज सुटेल की दिवाळीत, की साठ पाहुणे वर जेवत असताना, मला सांगता येत नाही.

मी चाचांना दाखवले. त्यांनी वाकून फटीवर बोट फिरवले. मग म्हणाले, "सीझन निघेल. पुढच्या उन्हाळ्यात बघू, इन्शाल्ला."

"नाही निघाला तर?"

"तू आत्ता बोललास तर काय होईल ते मला माहीत आहे. परत वर काढावी लागेल. उद्या जुम्मा, यार्ड अर्धा दिवस. आज क्रेन मिळाली नाही तर पार्टी गेली, आणि पार्टी गेली तर आपण गेलो. खलास." मग हळू म्हणाले, "मी ह्या वयात कुठे जाऊ, पोरा?"

मी काठी घेतली आणि पुन्हा माप घेतले. तीनच बोटे. काही बदलले नव्हते, तरी मी वहीत लिहिले. मग मॅनेजरना फोन लावला आणि म्हणालो, "सर, पाणी थांबतंय, पण एक सांधा मी चुकीचा भरलाय. माझ्या हातून झालंय. लाँच आज वर काढावी लागेल."

त्यांनी विचारले, "आज सकाळी मी वर काय सांगितलंय, तुला माहितीये?"

"हो, सर."

"कोणी बघितलं होतं तुला, तो सांधा भरताना?"

"नाही, सर."

"मग सांगतोयस कशाला?" त्यांनी खरेच विचारले, रागाने नाही. मी म्हणालो, "साठ माणसं असतात, सर." ते मग म्हणाले, "क्रेन मी बघतो. सूर्य बुडायच्या आत ती पाण्यात परत पाहिजे. नाहीतर सोमवारी तू आणि मी, दोघांनी यायची गरज नाही."

क्रेन अडीचला मिळाली. लाँच वर आली तेव्हा तिच्या अंगावरून पाणी गळत होते आणि त्या एका सांध्यावरची लांबी ओठासारखी बाहेर आली होती. पीळ काढायला हुक नव्हता. यार्डातला हुक सुट्टीवर गेलेल्या सुताराच्या पेटीत बंद. मी मोठा स्क्रू-ड्रायव्हर तापवून, ठोकून वाकवला आणि त्याने ओढत राहिलो. तो सारखा निसटत होता. पहिल्या दोन हातांना अर्धा तास लागला, मग वेग आला. चाचा गुडघे धरून खाली उतरून आले, माझ्या शेजारी डब्यावर बसले आणि निघालेला कापूस गोळा करू लागले. नऊ हात उरले आहेत, सात, पाच. ऊन क्रेनच्या मागे गेले आहे. चाचा मध्येच म्हणतात, "तुझ्या बापाचा हुक असता ना, तर आत्तापर्यंत घरी असतो." आणि मग, दरवेळी म्हणतात तसेच, "मी नव्हता हो घेतला."

सांधा मोकळा झाला तसा फळीने आवाज केला, सुस्कारा सोडल्यासारखा, आणि ती जवळजवळ जागेवर आली. दोन खिळे बदलले. एकच पीळ भरला, हलक्या हाताने, आणि दरवेळी दुसऱ्या पिळाकडे गेलेला हात मागे घेतला. सहाच्या आत लाँच पाण्यात होती.

आज शुक्रवार. चारला मॅनेजर आले. तळात दीड बोट पाणी होते, पंप बंद. त्यांनी स्वतः काठी बुडवून पाहिली, बूट ओले केले आणि चाचांचा चहा घेतला. जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी चूक करशील तेव्हा पार्टीच्या आठवड्यात करू नकोस." म्हणजे पुढची वेळ आहे.

पाहुणे उद्या येतील. आता हे पान वहीतून काढायला हवे, कारण आकडे ऑफिसला दाखवायचे आहेत. पण त्याआधी एक. त्या उन्हाळ्यात तुम्ही तुमचा हुक आठवडाभर शोधलात. सगळ्या पेट्या उलट्या केल्यात आणि शेवटी गावाहून परतलेल्या चाचांना विचारलेत, कुठे ठेवलास. त्यांना ते लागले. रमजानच्या आधी तुम्ही गावी गेलात तोपर्यंत तुम्ही दोघे नीट बोलत नव्हता, आणि मग तुम्ही परत आलाच नाहीत. तो हुक मी खाडीत टाकला होता, अब्बा. तुम्ही माझे काम उपसून काढलेत त्याच दिवशी, तुम्ही नमाजला गेला असताना. काल मॅनेजरना सांध्याचे सांगितले. हे चाचांना अजून सांगितलेले नाही. ते आत वाल सोलत बसले आहेत.