चारचं कार्ड, आठचे डोंगर

५ मे
डॉक्टरांनी पुन्हा नळी घालून घसा पाहिला. गाठी लहान झाल्यात, पण बोलणं बंदच. कुजबुजायचंही नाही, त्याने उलट ताण पडतो म्हणे. दारूबंदीच्या सभेत माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या बाईपर्यंत जाणारा माझा आवाज. आता भाजीवाल्याला पाटीवर 'वांगी' लिहून दाखवते.

दुपारी दुकान बंद करून गुणवंत जेवायला आला. जेवण झालं की अभयच्या जुन्या कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा खेळ. पोरगा पुण्याला नोकरीला गेला, कॉम्प्युटर बापाला राहिला. या खेळांना मी भर सभेत नवी दारू म्हटलंय. आजही तेच मत. पण करायला काही नव्हतं, म्हणून शेजारी खुर्ची ओढली.

७ मे
गु. गाडी चालवताना बोलतो!

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मला माहीत नव्हतं. नट-बोल्ट विकणारा, 'हो', 'बरं', 'पाहू' एवढ्यावर संसार केलेला माणूस. स्टिअरिंग नाही काही नाही, कीबोर्डवर चार बोटं, आणि नजर समोर ठेवून आपल्याशीच बोलल्यासारखा सांगत सुटतो.

"हे वळण पाह्य शोभा. असंच वळण कारंजाच्या अलीकडं होतं. काकाची गाडी तिथं थांबे. ढाब्यावर बाजेवर झोपलो की चांदण्या अशा खाली येत..."

कुठल्या तरी थंड देशातला रस्ता. धुकं, देवदाराची झाडं, मागे निळे डोंगर. बाहेर आग ओतलेली, खोलीत कूलरच्या वाळ्याचा ओला वास. डोळे अर्धे मिटले की मीही त्या गाडीत असते.

१० मे
काकांच्या ट्रकवर तो कॉलेज सोडून वर्षभर होता. क्लीनर! हेही आजच कळलं. सासरे त्याला कारंजाहून परत घेऊन आले आणि दुकानात बसवलं. मी विचारलं असतं तर आधी सांगितलं असतं का? विचारायला मी गप्प कधी होते.

पडदा मधेच अडखळत होता. पडद्यावर चित्र उमटवणारं आतलं कार्ड तापतं म्हणाला.

११ मे
घात.

उन्हाचा कहर. कॉम्प्युटरच्या पेटीचं एका बाजूचं झाकण काढून आम्ही ती कूलरच्या तोंडाशी लावली. इथे घरोघर हेच करतात. माणसाला बरं वाटतं, तर यंत्राला का नाही? गाडी मस्त चालली. गु. सांगत होता, "एक दिवस घाट चढून राह्यलो होतो, तवा काका मले म्हणे, गुण्या..."

हिरव्या रेघा. मग काळा पडदा.

वाक्य तिथेच राहिलं. मी पाटीवर लिहिलं, 'काय म्हणाले काका?' तो म्हणाला, "राहू दे. गाडीच बंद पडली." आणि शर्ट चढवून दुकानात गेला.

१३ मे
पेटी घेऊन दोघं वर्ध्याला. कॉम्प्युटरवाल्या पंकजने कार्ड बाहेर काढलं. त्यावर खाऱ्या पाण्याचा पांढरा थर, आमच्या बादल्यांवर बसतो तसाच.

"काका, कूलर ना?"
गु.ने मान डोलावली.
"उन्हाळाभर माह्याकडं हेच येते. माणसाले गारवा लागते, कार्डाले कोरडा वारा. तुम्ही त्याले न्हाऊच घातलं."

नवीन घ्यावं लागणार. नाव एकच, दोन प्रकार. एक चार जीबी मेमरीचं, एका पंख्याचं, आखूड. आमच्या पेटीत अलगद बसेल. दुसरं आठ जीबीचं, दोन पंख्यांचं, लांब. त्याला पेटीतला लोखंडी कप्पा आडवा येतो. कापावा लागेल, आणि पंकज ते काम करत नाही.

"चारमधी खेळ चालते काका. फक्त दूरचं कमी करा लागते. झाडं जवळ आल्यावर दिसतीन, डोंगर पुसट."

गु. माझ्याकडे वळला. "सांग व. तुले सगळ्यातलं समजते." पंकज हसला. मी पाटीवर मोठ्ठा आठ काढला.

"मले रस्ता दिसला की झालं," गु. म्हणाला. "पाहू."

१४ मे
अभयचा फोन. मी ऐकायचं, तो बोलणार. "आई, आठच घ्या. तेवढाच वेग, पण पडदा भरून दिसेल. आणि तू कधीपासून गेम खेळायला लागली गं?" आता काय सांगू, आणि कशाने.

१९ मे
दुपारी काळ्या पडद्यासमोर आडवी झाले. स्वप्नात तोच घाट, काका मागे वळून काही तरी म्हणताहेत, पण आवाज माझ्यासारखाच बसलेला. जागी झाले तेव्हा गु. पेपर वाचत होता. हो. बरं. पाहू.

२४ मे
वडनेरहून सुमनबाईंचा निरोप: "ताई, शनिवारी सभा हाय. गावात पुन्हा मोहाची दारू उतरून राह्यली. तुम्ही आल्याशिवाय बाया बाहेर निघत नाई." जायलाच हवं. त्यात दुसरा विचार नाही. भाषण मनात तयार आहे, फक्त घसा नाही.

२६ मे
गु. वर्ध्याहून कार्ड घेऊन आला. चारचं.

मी पाटीवर लिहिलं, 'काऊन?' त्याच्याच बोलीत, म्हणजे थोडा तरी हसेल.

हसला नाही. डब्याकडे पाहत म्हणाला, "कोणासाठी एवढे डोंगर? तुहा आवाज आला की तू सभेले. मंग इथं कोण बसते? मले एकट्याले पुरते हे."

मी पाटी पुसली. डब्याचं सील त्याने फोडलं नाही, तसाच कपाटावर ठेवला.

२९ मे, शुक्रवार
डॉक्टर म्हणाले, बोला. हळू, थोडं, माईक तोंडाजवळ घेऊन. उद्याच्या सभेला हरकत नाही.

आवाज परत आला की पहिला शब्द काय बोलायचा, हे मी कधीचं ठरवून ठेवलं होतं. घोषणाच होती. पण पिशवीत कपाटावरचा डबा होता आणि वर्ध्याच्या दवाखान्यातून मी सरळ पंकजकडे गेले. फाटक्या कापडासारखा आवाज निघाला:

"हे घे. आठवालं दे."

"काकू, तुम्ही बोलता?" तो उभाच राहिला.

दुपारी गु.ने डबा पाहिला. उलटा केला, सुलटा केला. दुकानातून टेप आणली, पेटी मापली. "दोन बोटं जास्त हाय." मग करवत आणली आणि फरशीवर मांडी घालून बसला. कूलर स्वतःच उठून दुसऱ्या भिंतीला नेला.

लोखंडाचा कीस पडत होता. मधेच थांबून म्हणाला, "काय म्हणे डॉक्टर?"

आवाज अगदी घशाशी आला होता. मी पाटी ओढली. लिहिलं, 'आधी काका काय म्हणाले ते सांग.'

वाचलं. पाटी भिंतीला टेकवून ठेवली. "असं बसून नाई सांगता येत व. गाडी चालू पाह्यजे." आणि करवत पुन्हा चालू.

कप्पा संध्याकाळपर्यंत निम्मा कापून झाला. उद्या वडनेरची बस दुपारचीच आहे, त्याच्या खेळाच्याच वेळेची. त्याला माझा आवाज अजून ऐकवलेला नाही.