पल्लवीच्या पाठीचं मला माहीत आहे

३ डिसें.
ट्रायलची यादी आली. इंडियाच्या कॅम्पसाठी फास्ट बोलर निवडणार, आणि तेही इथेच, नागपुरात. रविवारपासून. यादीत पल्लवी आहे. मीपण आहे, पण खाली, व्हॉलंटियर्समध्ये. स्पीड गन सांभाळायला.

मी बोलिंग टाकायची, आता दुसऱ्यांच्या बोलिंगचा आकडा वाचणार. वा.

आई म्हणे, "त्रास होते तर नको जाऊ ना." उलट जाणारच. सगळ्यात जवळून पाहायचंय मला, ती रिजेक्ट होताना.

४ डिसें.
झोप नाही. सगळं परत आठवून राहिलं.

मी आणि प., बोलिंगला दोन्ही एंडनी आम्हीच. कंबर दुखायला लागली तेव्हा मी फक्त तिला सांगितलं. घरी नाही, कोणालाच नाही. म्हटलं, एकच दिवस थांब, उद्याची ट्रायल होऊ दे. तिने त्याच संध्याकाळी आमच्या कोचला, डोंगरे सरांना, सांगून टाकलं. सरांनी मला टीमबाहेर बसवलं. रामदासपेठेत स्कॅन. मणक्याला बारीक चीर. मग पट्टा, बेड, फिजिओ, आणि नंतर तो पेस परत आलाच नाही.

ती म्हणे, "तुह्या भल्यासाठी सांगतलं वं."
आणि माझ्या जागी नवा बॉल कोणी घेतला? तोपण माझ्या भल्यासाठीच का?

५ डिसें.
गनचं ट्रेनिंग झालं. शिकवणारा दादा म्हणाला, स्टँड बोलरच्या बरोबर मागे, सरळ रेषेत पाहिजे. बाजूला सरकला तर स्पीड कमी दिसते.

अच्छा.
बाजूला सरकला तर कमी दिसते.

७ डिसें., रवि.
अधिवेशनामुळे रस्ते बंद, तरी मी सगळ्यांच्या आधी ग्राउंडवर. प. पारशिवनीहून पहिल्या बसने आली. शाल गुंडाळून, तोंडातून वाफ.
"कशी आहे वं आरू? मले वाटलं, तू नाही येत."
"फाइन," म्हटलं. मी इंग्लिशमध्ये गेली की मी चिडलीय हे तिला बरोबर समजते.

तिचा नंबर आल्यावर स्टँड थोडा सरकवला. मस्त! स्लो बोलरसारखे आकडे येऊन राहिले. मी मोठ्याने वाचून राहिली, अगदी न्यूज वाचल्यासारखी. सिलेक्टर मॅडमनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कीपरकडे. कीपर ग्लव्ह काढून हात झटकत होती.
"बेटा, तिकडे कीपरचा हात जळतोय आणि तू मला हे काय वाचून दाखवतेस? गन सरळ कर आधी."
सगळे हसले. प. नाही हसली. तिला समजलं.
ती हसली असती तर बरं झालं असतं.

८ डिसें.
ओ माय गॉड.

आज तिने लेस बांधायला पाय किटबॅगवर ठेवला. वाकली नाही. बॉटल उचलताना गुडघे वाकवले, पाठ एकदम सरळ. स्पेल झाल्यावर साइटस्क्रीनच्या मागे गेली आणि वरच्या पाइपला दोन्ही हातांनी लटकली, डोळे मिटून.
हे सगळं मी करायची. सेम टू सेम. डोंगरे सर समोर उभे होते, त्यांना काही दिसलं नाही. दिसतच नाही. ज्याचं दुखलंय त्यालाच दिसते.

इतकी खुशी मला बर्थडेलापण झाली नव्हती. घरी येऊन दोन प्लेट तर्री पोहे खाल्ले.

नंतर लोच्या लक्षात आला. सांगितलं तर ती बाहेर, जशी मी झाली. पण मग सगळे म्हणतील, किती चांगली पोरगी, हिनं वाचवलं तिला. आणि नाही सांगितलं तर ती टाकत राहील आणि स्वतःच मोडेल. मला काही करायचीपण गरज नाही.
मला बदला पाहिजे, पुण्य नको. कशात जास्त बदला आहे तेच समजून नाही राहिलं.

९ डिसें.
साइटस्क्रीनच्या मागे पकडली तिला.
"दुखते?"
"काय दुखते?"
"नाटक नको करू. मला माहीत आहे कसं दुखते ते."
इकडेतिकडे पाहून म्हणे, "थोडसंक. सांगशील?"
"तू सांगितलं होतं ना?"
"हो."
"सॉरी म्हण."
"काहून म्हणू? तुही कंबर मोडली असती, भैताड."
"मग आता मी सांगितलं तर? तुझ्या भल्यासाठीच ना?"
तिचं तोंड पाहण्यासारखं झालं. ह्याच तोंडासाठी मी इतके दिवस थांबली होती. मग हळूच म्हणे, "उद्याचाच दिवस आहे वं. एकच दिवस थांब."

माझंच वाक्य. तिला आठवतपण नसेल.

मी निघून आली. गाडीची चावी लागेचना. रागाने. रागानेच.

१० डिसें. लंच.
गनच्या स्टँडजवळ बसून लिहून राहिली.

आत्ता मॅडमनी बोलावलं. "डोंगरे सांगत होते, तूपण टाकायचीस. एकच जागा राहिलीय. पल्लवीचा पेस आहे, पण बॉल सोडताना जास्तच डावीकडे पडते. सवय आहे की कंबर? तू तिच्यासोबत खेळलीयेस. लंचनंतर सांग मला."

इतकं सोपं? मी गन सरकवून राहिली होती आणि ह्या स्वतःच विचारतात.

"हो, कंबर." दोन शब्द.
"सवय आहे." हेपण दोनच.
दोन्ही म्हणून पाहिले मनात. दोन्ही गोड लागतात. आणि दोन्हीनंतर तोंड कडू होते.

मॅडम डबा बंद करून इकडेच येऊन राहिल्या. प. बाउंड्रीजवळ. लेस सुटलीय तिची. पाय बॅगवर ठेवला. मॅडमना पाहिलं, मला पाहिलं, पाय खाली घेतला.

आता खाली वाकून बांधून राहिली. पूर्ण वाकून. माझ्यासमोर.

मॅडम पोचल्या. तिची लेस अजून बांधून नाही झाली.